वाचकांचे प्रश्न : सिनसिनाटीचा ‘रेड स्टॉकिंग्ज’ संघ

अमेरिकेत १८६९ साली उघडपणे पगारी खेळाडू घेऊन मैदानात उतरलेल्या सिनसिनाटी शहराच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ या बेसबॉल संघाविषयी वाचकांनी बरेच प्रश्न विचारले आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. ज्यांना या खेळाची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे की, नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ साधारणतः नऊ डाव खेळतात. फलंदाज चार कोपऱ्यांवरचे बेस ओलांडून पुन्हा मूळ जागी परतला की एक धाव होते, आणि तीन गडी बाद झाले की त्या संघाचा तो डाव संपतो.

प्रश्न : बेसबॉलमधील पहिला व्यावसायिक संघ म्हणून रेड स्टॉकिंग्जचे नाव घेतले जाते. पण त्याआधीही खेळाडूंना पैसे मिळत होते, असे माझ्या वाचनात आले. मग पहिलेपणाचा मान यांना कसा?

उत्तर : आपण वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या परस्परांना छेदत नाहीत. अमेरिकेतील बेसबॉल क्लबांची ‘नॅशनल असोसिएशन ऑफ बेस बॉल प्लेयर्स’ ही संघटना १८५७ मध्ये स्थापन झाली. खेळणारे सारे हौशी असावेत, क्लबचे सभासद असावेत आणि खेळाच्या मोबदल्यात त्यांनी पैसा घेऊ नये, अशी तिची भूमिका होती व तसा नियमही होता. परंतु तिकीट लावून सामने भरवता येतात हे एकदा लक्षात आल्यावर आणि शहराशहरांमधील चुरस वाढल्यावर हा नियम कागदावरच राहिला. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबचा पिचर जिम क्रेटन याला १८६० च्या सुमारास छुपेपणाने मोबदला मिळत असे, असे बहुतेक इतिहासकार मानतात. पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक क्लबने १८६५ मध्ये अल रीच याला पैसे देऊन आणले, ही गोष्टही सर्वश्रुत आहे.

वॉशिंग्टनच्या नॅशनल क्लबची तऱ्हा तर याहून चतुराईची होती. तेथे खेळाडूला पगार खेळाचा मिळत नसे, सरकारी कचेरीतील कारकुनाचा मिळे. काम मात्र मैदानावरचे असे. पुढे रेड स्टॉकिंग्जचा सर्वांत चमकदार खेळाडू ठरलेला जॉर्ज राइट १८६७ मध्ये याच क्लबाकडे होता. क्लबच्या यादीत त्याच्या नावापुढे कारकून असा हुद्दा आणि कामाचा एक पत्ता दिलेला होता, पण त्या पत्त्यावर प्रत्यक्षात सार्वजनिक बाग होती, अशी नोंद इतिहासकारांनी केली आहे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दौऱ्यावर निघालेल्या नॅशनल संघाने सिनसिनाटीच्या क्लबचा ५३ विरुद्ध १० असा धुव्वा उडवला. घरच्या मैदानावर झालेला हा पराभव सिनसिनाटीकरांच्या जिव्हारी लागला, आणि पूर्वेकडील संघांना तोडीस तोड उत्तर द्यायचे तर स्थानिक हौशी मंडळींवर विसंबून चालणार नाही, हे क्लबचे अध्यक्ष ॲरन चॅम्पियन यांनी ओळखले. व्यवसायाने वकील असलेल्या या तरुण गृहस्थांनी क्लबचे समभाग विकून पैसा उभा केला, मैदान सुधारले आणि बाहेरच्या खेळाडूंकडे लक्ष वळवले.

डिसेंबर १८६८ मधील अधिवेशनात संघटनेने अखेर वस्तुस्थिती मान्य केली आणि पुढील हंगामापासून व्यावसायिक खेळाडूंचा वेगळा वर्ग मंजूर केला. त्यानंतर सुमारे डझनभर क्लबांनी स्वतःला व्यावसायिक म्हणून जाहीर केले. म्हणजे १८६९ मध्ये रेड स्टॉकिंग्ज एकटेच व्यावसायिक होते, असे मुळीच नाही. फरक असा की, इतर ठिकाणी एक-दोघांना पगार आणि बाकीच्यांना तिकिटाच्या उत्पन्नातील वाटा, अशी व्यवस्था बहुधा असे. सिनसिनाटीने मात्र नऊच्या नऊ खेळाडूंना आणि एका राखीव खेळाडूलाही संपूर्ण हंगामाच्या करारावर ठरावीक पगार देऊन बांधून घेतले आणि ही गोष्ट जगापासून लपवली नाही. पैसे देण्याची सुरुवात त्यांनी केली नाही. त्यांनी पैशाचा व्यवहार उजेडात आणला. माझ्या दृष्टीने हे काम अधिक मोठे आहे, कारण छुप्या पगाराच्या खेळाडूकडे कोणी सरावाचा हिशेब मागू शकत नव्हते. करारावर सही केलेल्या खेळाडूकडे तो मागता येतो, आणि या संघाने नेमके तेच केले.

प्रश्न : या संघाचा कर्णधार मूळचा क्रिकेटपटू होता हे खरे का? असल्यास क्रिकेटचा त्याच्या बेसबॉलवर काही परिणाम झाला का?

उत्तर : खरे आहे. हॅरी राइट यांचा जन्म १८३५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाला. त्यांचे वडील सॅम्युअल राइट हे व्यावसायिक क्रिकेटपटू होते. कुटुंब अमेरिकेत आल्यावर ते न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबाकडे नोकरीला राहिले. हॅरी त्याच क्लबात क्रिकेट शिकले, आणि १८५९ मध्ये इंग्लंडचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर आला तेव्हा त्या संघाविरुद्धही खेळले. सिनसिनाटीला ते आले तेही बेसबॉलसाठी नव्हे, तर तेथील युनियन क्रिकेट क्लबाने वार्षिक १,२०० डॉलर देऊन नेमलेले प्रशिक्षक म्हणून. बेसबॉलचा क्लब १८६६ मध्ये स्थापन झाला आणि तो या क्रिकेट क्लबाच्याच मैदानावर खेळू लागला. शहराचा ओढा हळूहळू नव्या खेळाकडे वळला, तसे हॅरी राइटही तिकडे गेले.

परिणामाविषयी म्हणाल, तर तो वृत्तीचा होता. इंग्लंडमध्ये क्रिकेटचा व्यावसायिक खेळाडू ही जुनी आणि मान्य गोष्ट होती. पगार घेऊन खेळणे यात कमीपणा आहे किंवा ते झाकून ठेवले पाहिजे, असे हॅरी यांना वाटण्याचे कारणच नव्हते, कारण त्यांच्या घरात चूल त्यावरच पेटत असे. आपल्या वडिलांचा पेशा त्यांनी दुसऱ्या खेळात नेला, आणि पेशा म्हटल्यावर जी शिस्त ओघाने येते तीही सोबत नेली. रोजचा सराव, संध्याकाळी लवकर परतणे, दारूपासून दूर राहणे यांविषयी ते कडक होते. मैदानावर कोणी कोणाच्या मागे आधाराला धावायचे, दोन खेळाडूंच्या मधोमध उंच उडालेला चेंडू कोणी झेलायचा हे ते आधी ठरवून देत किंवा नाव घेऊन ओरडून सांगत. आज या गोष्टी प्राथमिक वाटतात. पण इतर संघ नऊ चांगले खेळाडू एकत्र आणण्यावर समाधान मानत होते, त्या काळात नऊ जणांचा एक संघ बांधण्याचा हा विचार नवा होता.

स्वतः हॅरी मध्यभागी क्षेत्ररक्षण करीत आणि अधूनमधून चेंडूही टाकत. मुख्य पिचर आसा ब्रेनर्ड वेगवान होता. त्याच्या वेगाला फलंदाज सरावले की हॅरी पुढे येऊन अतिशय मंद चेंडू टाकत आणि मारण्याची घाई झालेले फलंदाज फसत. ब्रेनर्डचा स्वभाव मात्र कर्णधाराची परीक्षा पाहणारा होता. सामना चालू असताना मैदानात ससा दिसला म्हणून त्याने हातातला चेंडू सशावर भिरकावला, नेम चुकून चेंडू प्रेक्षकांत गेला आणि तेवढ्यात प्रतिस्पर्ध्यांनी धावा काढल्या, असा एक किस्सा त्याच्याविषयी सांगितला जातो. अशा माणसाकडूनही हॅरी यांनी दोन हंगाम उत्तम काम करून घेतले, यावरून त्यांच्या नेतृत्वाची कल्पना येते.

प्रश्न : त्या खेळाडूंना पगार किती होता? त्या काळाच्या मानाने तो जास्त होता का?

उत्तर : करार १५ मार्च ते १५ नोव्हेंबर या आठ महिन्यांचा होता. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणाऱ्या जॉर्ज राइटला सर्वाधिक १,४०० डॉलर होते. हा हॅरी यांचा धाकटा भाऊ. म्हणजे कर्णधारापेक्षा त्याच्या भावाचा पगार अधिक होता, आणि तो संघ बांधणाऱ्या कर्णधारानेच मान्य केला होता. स्वतः हॅरी यांना १,२००, ब्रेनर्डला १,१०० आणि तिसऱ्या बेसवरच्या फ्रेड वॉटरमनला १,००० डॉलर होते. कॅचर म्हणजे फलंदाजामागे उभा राहणारा डग ॲलिसन, पहिल्या बेसवरचा चार्ली गूल्ड, दुसऱ्या बेसवरचा चार्ली स्वीझी, आणि बाहेरचे क्षेत्र राखणारे अँडी लेनर्ड व कॅल मॅक्वे या पाच जणांना प्रत्येकी ८०० डॉलर, तर राखीव खेळाडू डिक हर्ली याला ६०० डॉलर, असे आकडे सामान्यतः दिले जातात. एकूण बेरीज ९,३०० डॉलर होते. कुशल कारागिराला त्या काळी वर्षभर राबून साधारण पाच-सातशे डॉलर मिळत, हे लक्षात घेतले तर आठ महिन्यांच्या खेळासाठी ही कमाई चांगलीच म्हणावी लागेल. पण तिने कोणी श्रीमंत होणार नव्हते.

हे लोक कोण होते हेही पाहण्यासारखे आहे. स्वीझी आणि लेनर्ड टोप्या बनवणारे, ॲलिसन संगमरवर घडवणारा, मॅक्वे पियानो बनवणारा, गूल्ड हिशेबनीस, ब्रेनर्ड आणि वॉटरमन विम्याच्या कामातले, अशा नोंदी आहेत. या दहा जणांत सिनसिनाटीचा अस्सल रहिवासी एकच होता, तो म्हणजे गूल्ड. बाकीचे मुख्यतः न्यूयॉर्क, न्यू जर्सी व फिलाडेल्फियाच्या बाजूचे आणि मॅक्वे इंडियानापोलिसचा. तरीही शहराने त्यांना आपले मानले. भाडोत्री खेळाडूंच्या जिवावर मिरवता, असा टोमणा पूर्वेकडून मारला जात असे. वास्तविक पूर्वेकडचे क्लब तेच करीत होते, फक्त कबूल करीत नव्हते.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. कारागिरांच्या मुलांना खेळातून सन्मानाने पोट भरण्याची वाट मोकळी झाली खरी, पण ती सर्वांसाठी नव्हती. ज्या संघटनेने १८६८ मध्ये व्यावसायिकांना दार उघडले, तिनेच वर्षभर आधी, डिसेंबर १८६७ मध्ये, कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना सभासदत्व नाकारण्याचा निर्णय घेतला होता. फिलाडेल्फियाच्या पायथियन क्लबसारखे उत्तम कृष्णवर्णीय संघ तेव्हा होते. १८६९ च्या यशाचे कौतुक करताना हे विसरता कामा नये.

प्रश्न : १८६९ च्या हंगामात हा संघ एकही सामना हरला नाही असे म्हणतात. पण विजयांचे वेगवेगळे आकडे का आढळतात? आणि एक सामना बरोबरीत सुटला होता ना?

उत्तर : आकडे वेगळे दिसतात, कारण कोणते सामने मोजायचे यावर एकमत नाही. संघटनेच्या सभासद क्लबांविरुद्धचेच सामने धरले तर १८६९ मध्ये ५७ विजय आणि शून्य पराभव होतात. वाटेत लहानसहान गावांतील संघांशी झालेल्या लढतीही धरल्या तर संख्या साठीच्या पुढे जाते. कोणत्याही पद्धतीने मोजा, पराभवाचा रकाना रिकामाच राहतो.

हंगामाची सुरुवात ४ मे रोजी शहरातील ग्रेट वेस्टर्न क्लबावर ४५ विरुद्ध ९ अशा विजयाने झाली. असल्या मोठ्या धावसंख्या तेव्हा नेहमीच्याच होत्या, म्हणून १५ जून रोजी ब्रुकलिनमध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल संघावर मिळवलेला ४ विरुद्ध २ हा विजय जाणकारांना अधिक थोर वाटला. इतक्या कमी धावांचा सामना म्हणजे दोन्ही बाजूंच्या क्षेत्ररक्षणाची कमाल होती. त्या दौऱ्यात राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी वॉशिंग्टनमध्ये संघाचे स्वागत केले. पूर्वेचा दौरा अपराजित राहून संपवल्यावर १ जुलैला संघ सिनसिनाटीला परतला तेव्हा शहराने मिरवणूक काढली, आणि लाकडाच्या एका व्यापारी पेढीने सर्वांची नावे रंगवलेली २७ फूट लांबीची बॅट भेट दिली.

बरोबरीचा सामना म्हणजे २६ ऑगस्टचा. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील हेमेकर्स हा तगडा संघ सिनसिनाटीत खेळायला आला होता आणि त्याच्या पाठीराख्यांनी मोठ्या पैजा लावल्या होत्या. पाच डावांनंतर दोन्ही संघांच्या १७-१७ धावा झाल्या होत्या. सहाव्या डावात मॅक्वेच्या बॅटीला निसटता स्पर्श झालेला चेंडू हेमेकर्सच्या कॅचरने उचलला आणि तो एका टप्प्यावर झेलला असल्याचा दावा केला. हद्दीबाहेरचा असा चेंडू एका टप्प्यावर झेलला तरी त्या वेळच्या नियमाप्रमाणे गडी बाद होत असे. पंचांनी दावा फेटाळताच हेमेकर्सच्या अध्यक्षांनी संघाला मैदानाबाहेर बोलावले. पंचांनी सामना सिनसिनाटीला बहाल केला. तरीही अनेक नोंदींत तो बरोबरीचाच मानला जातो. पैजा बुडू नयेत म्हणून केलेला हा बहाणा होता, असा संशय तेव्हाच घेतला गेला, आणि घटनाक्रम पाहता तो मला रास्त वाटतो. सतरा धावांची बरोबरी असताना, अजून निम्मा सामना बाकी असताना, एका निर्णयासाठी कोणताही संघ मैदान सोडत नाही. जुगार हा त्या काळच्या बेसबॉलला लागलेला खरा रोग होता, पगार नव्हे.

सप्टेंबरमध्ये संघ थेट सॅन फ्रान्सिस्कोला गेला. खंड ओलांडणारा रेल्वेमार्ग त्याच वर्षी १० मे रोजी पूर्ण झाला होता. तो नसता तर ही मोहीम एका हंगामात बसलीच नसती. रेल्वेने सॅक्रामेंटो आणि तेथून आगबोटीने सॅन फ्रान्सिस्को, असा तो प्रवास होता. तेथील नामांकित ईगल क्लबाला त्यांनी ३५ विरुद्ध ४ असे हरवले. हंगामभरात मिळून संघाचा प्रवास बारा हजार मैलांच्या आसपास झाला आणि सुमारे दोन लाख लोकांनी त्याचे सामने पाहिले, असा अंदाज दिला जातो.

प्रश्न : त्या काळात हातमोजे होते का? आणि हे लाल मोजे कुठून आले?

उत्तर : हातमोजे नव्हते, कठीण चेंडू सारे जण उघड्या हातांनीच झेलत. कॅचर ॲलिसन याने १८७० मध्ये हात सोलवटल्यामुळे कातडी मोजे घातल्याची नोंद आढळते आणि ती अशा प्रकारच्या पहिल्या नोंदींपैकी एक आहे. पिचर ४५ फुटांवरून खालच्या हाताने चेंडू टाकत असे, आजच्यासारखा खांद्यावरून नव्हे. पोशाखाविषयी सांगायचे तर, तेव्हाचे बेसबॉलपटू पायघोळ विजारी घालत. सिनसिनाटीच्या क्लबाने गुडघ्यापर्यंतच्या तोकड्या विजारी आणि त्याखाली लांब लाल मोजे असा वेश घेतला. पांढऱ्या सदऱ्याच्या छातीवर लाल ‘सी’ अक्षर असे. धावताना हा वेश सोयीचा होता आणि दुरूनही उठून दिसे. क्लबचे अधिकृत नाव वेगळे असले तरी लोकांच्या तोंडी रेड स्टॉकिंग्ज हेच नाव बसले.

प्रश्न : विजयमालिका कशी खंडित झाली? त्या सामन्याचे सविस्तर वर्णन दिल्यास आनंद होईल.

उत्तर : आनंदाने देतो, कारण १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या कॅपिटोलाइन मैदानावर झालेला हा सामना विजयांइतकाच या संघाची ओळख सांगणारा आहे. समोर ब्रुकलिनचा ॲटलांटिक संघ होता. विजयांची मालिका तोवर ८१ पर्यंत गेली होती, असे सामान्यतः मानले जाते. पन्नास सेंटचे तिकीट असूनही हजारोंचा समुदाय लोटला होता. कुंपणाच्या आत जागा न उरल्याने लोक क्षेत्ररक्षकांच्या पाठीशी उभे होते, आणि त्याचे महत्त्व पुढे दिसेलच.

पहिल्या तीन डावांत सिनसिनाटीने तीन धावा केल्या. ॲटलांटिकने त्या फेडून चौथी धाव काढली आणि आघाडी घेतली. सिनसिनाटीने सातव्या डावात ती ५-४ अशी उलटवली, पण आठव्यात ॲटलांटिकने बरोबरी साधली. नऊ डावांनंतर ५-५. ॲटलांटिकचे खेळाडू बरोबरी मान्य करून मैदान सोडू लागले, प्रेक्षकही आत शिरू लागले. अजिंक्य संघाशी बरोबरी ही त्यांच्या दृष्टीने मोठीच कमाई होती. हॅरी राइट आणि चॅम्पियन यांना मात्र ते मान्य नव्हते. नियमांचे जाणकार आणि पत्रकार हेन्री चॅडविक तेथे हजर होते. दोन्ही कर्णधारांनी बरोबरी मान्य केल्याशिवाय खेळ पुढे चालवलाच पाहिजे, असा निर्वाळा त्यांनी दिला. बरोबरी पदरात पाडून घेतली असती तर मालिका पराभवाविना टिकली असती. हॅरी यांनी ती नाकारली.

दहाव्या डावात ॲटलांटिकचे दोन गडी बेसवर असताना जॉर्ज राइटकडे सोपा झेल आला. त्याने तो मुद्दाम निसटू दिला. झेल घेतला असता तर एकच गडी बाद झाला असता. चेंडू जमिनीवर पडताच बेसवरच्या दोघांना नियमानुसार पुढे धावणे भाग पडले, ते दचकून जागीच थांबले होते, आणि जॉर्जने चेंडू उचलून फेकल्यावर दोघे बाद झाले. या युक्तीला आळा घालणारा नियम बेसबॉलमध्ये १८९० च्या दशकात आला. तोवर ती पूर्णपणे नियमात बसत होती आणि जॉर्ज तिचा उस्ताद मानला जाई.

अकराव्या डावात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या, ७-५. सामना संपल्यातच जमा होता. ॲटलांटिकच्या चार्ली स्मिथने पहिला बेस गाठला आणि ब्रेनर्डच्या स्वैर चेंडूवर तो तिसऱ्या बेसपर्यंत गेला. मग जो स्टार्ट याने उजवीकडे लांब फटका मारला. चेंडू तिथल्या गर्दीत घुसला आणि मॅक्वेला तो लोकांच्या गराड्यातून काढावा लागला. तोपर्यंत स्मिथची धाव झाली होती आणि स्टार्ट तिसऱ्या बेसवर पोचला होता. एका प्रेक्षकाने मॅक्वेला अडवल्याचेही सांगितले जाते. एक गडी बाद झाल्यावर कर्णधार बॉब फर्ग्युसन आला. तो एरवी उजव्या हाताने खेळणारा, पण या वेळी डाव्या हाताने खेळायला उभा राहिला. कारण उघड होते : उजव्या हाताने मारलेला चेंडू बहुधा जॉर्ज राइटच्या दिशेने जाई, आणि त्या दिशेला चेंडू मारणे म्हणजे बाद होणे. प्रतिस्पर्धी कर्णधाराने एका क्षेत्ररक्षकाला दिलेली याहून मोठी पावती मला ठाऊक नाही. फर्ग्युसनचा फटका यशस्वी झाला, स्टार्ट मूळ जागी परतला, ७-७. पुढच्या झेटलाइनने चेंडू पहिल्या बेसकडे टोलवला. गूल्डला तो नीट पकडता आला नाही, घाईत दुसऱ्या बेसकडे केलेली त्याची फेक चुकली, आणि फर्ग्युसन धावत सुटला तो थेट विजयी धाव पुरी करूनच थांबला. ८-७.

चॅम्पियन यांनी त्या संध्याकाळी सिनसिनाटीला तार केली. आजवर खेळला गेलेला हा सर्वोत्तम सामना होता, आपली मुले उत्तम खेळली, हरलो तरी नामुष्की झालेली नाही, असा तिचा आशय होता.

प्रश्न : इतका यशस्वी संघ १८७० नंतर का मोडला? आजचा सिनसिनाटी रेड्स हा संघ त्याचाच वारस आहे का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर पैशात आहे. १८६९ चा संपूर्ण हंगाम अपराजित राहून क्लबच्या हाती काय उरले? जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट, खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट, शिल्लक एक डॉलर एकोणचाळीस सेंट, असा हिशेब सांगितला जातो. पगार, रेल्वेभाडे, हॉटेले आणि मैदानाची देखभाल यांत सारे उत्पन्न गेले. क्लबच्या सभासदांना यातून नफा मिळवायचाही नव्हता. त्यांना शहराचे नाव हवे होते, आणि ते मिळत होते तोवर पदरमोड करायला ते तयार होते. ॲटलांटिककडून हरल्यानंतर घरच्या सामन्यांची गर्दी ओसरली. खरे तर १८७० मध्येही संघ केवळ सहा सामने हरला, पण त्यांत शिकागोच्या व्हाइट स्टॉकिंग्जकडून झालेले दोन पराभव होते, आणि शिकागो ही पश्चिमेतील व्यापाराच्या बाबतीत सिनसिनाटीला मागे टाकत चाललेली प्रतिस्पर्धी नगरी होती. तो संघ उभारलाच गेला होता रेड स्टॉकिंग्जना हरवण्यासाठी. ऑगस्टमध्ये चॅम्पियन यांनी अध्यक्षपद सोडले. इतर शहरे आता जास्त पगार देऊ लागली होती, त्यामुळे खेळाडूंच्या मागण्या वाढल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये नव्या कार्यकारिणीने पुढील वर्षी पगारी संघ ठेवणार नसल्याचे जाहीर केले. स्वतः घालून दिलेल्या पायंड्याची किंमत स्वतःलाच परवडेनाशी झाली, असे त्याचे वर्णन करता येईल. खेळाडूंच्या वागण्याविषयीही तक्रारी होत्या, परंतु त्या कारणाला मी दुय्यम मानतो.

खेळाडू दोन वाटांनी गेले. ब्रेनर्ड, ॲलिसन, स्वीझी, वॉटरमन आणि लेनर्ड वॉशिंग्टनच्या ऑलिंपिक संघात गेले. हॅरी, जॉर्ज, गूल्ड आणि मॅक्वे बोस्टनला गेले आणि त्यांनी रेड स्टॉकिंग्ज हे नावही सोबत नेले. मार्च १८७१ मध्ये न्यूयॉर्क येथे केवळ व्यावसायिक खेळाडूंची पहिली संघटना स्थापन झाली. तिच्या पाच हंगामांपैकी १८७२ ते १८७५ या चार हंगामांची विजेतेपदे हॅरी यांच्या बोस्टनने मिळवली. १८७४ मध्ये हॅरी आपला संघ आणि फिलाडेल्फियाचा ॲथलेटिक संघ घेऊन इंग्लंडला गेले व तेथे बेसबॉलबरोबर क्रिकेटचेही सामने खेळले. त्यांचे निधन १८९५ मध्ये झाले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. १८७६ मध्ये नॅशनल लीग सुरू झाली तेव्हा सिनसिनाटीचा एक नवा क्लब तिच्यात होता, पण मैदानावर बिअर विकणे आणि रविवारी मैदान भाड्याने देणे या कारणांवरून त्याला १८८० मध्ये काढून टाकण्यात आले. त्यानंतर उभारलेला क्लब १८८२ पासून अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळू लागला आणि १८९० मध्ये नॅशनल लीगमध्ये आला. आजचा रेड्स संघ तो हा. १८६९ च्या क्लबशी त्याचे नाते शहराचे आणि नावाचे आहे, संस्थेचे नाही. हॅरी राइट यांनी बोस्टनमध्ये उभा केलेला क्लब मात्र आजतागायत अखंड चालू आहे. पुढे त्याचे नाव ब्रेव्ह्ज झाले, १९५३ मध्ये तो मिलवॉकीला आणि १९६६ मध्ये अटलांटाला गेला. तेव्हा १८६९ च्या खेळाडूंचा माग संस्थेच्या रूपाने काढायचा असेल, तर तो सिनसिनाटीत नव्हे, अटलांटा ब्रेव्ह्ज या संघात काढावा लागेल.